एमजीबीचे ब्रेक इथे दाखवले, पाचपैकी चार स्टार

माझी १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली. गेल्या उन्हाळ्यापासून तिला खोड लागली होती, ब्रेक दाबला की उजवीकडे खेचायची आणि पाय काढला की थोडा वेळ डावीकडे. बायको तर शेजारी बसायलाच तयार नव्हती. आधी दुसरीकडे दाखवली (नाव नको), त्यांनी पुढचे पॅड बदलले, डावा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम आहे म्हणून तोही नवा टाकला, ३८० पौंड घेतले आणि गाडी घरी पोचेपर्यंत परत तेच रडगाणं.

मग इथे आलो. ऑक्सफर्डशायरमधलं दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज, अॅबिंगडन जवळच, म्हणजे १९६२ ते १९८० या गाड्या जिथे बनल्या तोच भाग. इथले काका सत्तरीला टेकलेले असतील. तांब्याच्या हातोडीने ठोकून स्पोकची चाकं सैल केली, पण खोलायच्या आधी गाडी पुढून उचलली, मला सीटवर बसवलं आणि म्हणाले दाब, आता सोड. सोडल्यावर डावं चाक हाताने फिरेना. अशा वेळी आधीच्या गॅरेजवाल्याने लगेच कॅलिपर खोलला असेल, यांनी काय केलं तर कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या रबरी होजच्या वरच्या टोकाला जो लोखंडी पाइप येतो त्याचा नट किंचित सैल केला, दोन थेंब ऑइल आलं, चाक तसंच घट्ट. मग खाली कॅलिपरचा निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचं तोंड) सोडला, ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे प्रेशर होजच्या पलीकडे अडकून बसलं होतं, परत यायला वाटच नव्हती, कॅलिपर बिचारा उगाच बदनाम. होज काढून मधोमध कापून दाखवला, बाहेरून अगदी धडधाकट, एकही चीर नाही, आत मात्र रबर फुगून जेमतेम टाचणी जाईल एवढं भोक. जोरात दाबलं की ऑइल उशिरा का होईना पलीकडे जातं (तोवर उजवा ब्रेक लागलेला असतो म्हणून गाडी उजवीकडे), पण परत यायला मागे ढकलणारं कोणी नाही, म्हणून डावा ब्रेक चिकटून राहतो. वर्षभराचं कोडं पंधरा मिनिटांत सुटलं.

तिन्ही होज बदलायला लावले, पुढचे दोन आणि मागच्या अॅक्सलचा एक. मी जरा कुरकुरलो तर म्हणाले तुझी गाडी सिंगल सर्किट आहे, एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, मग उरतो तो हॅन्डब्रेक. गप्प बसलो.

मागचे ड्रम काढले तर डावीकडचे लायनर (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा थर) ओले. काकांनी बोटाने वास घेतला, ब्रेक ऑइल नाही, डिफरन्शिअलचं, म्हणजे मागच्या अॅक्सलमधल्या गिअरचं ऑइल, अॅक्सलचं सील गळत होतं. सील नवीन आणि लायनर दोन्ही बाजूंचे, कारण एकाच बाजूचे बदलले तर मागून पण खेचणार. ड्रममधली धूळ हवेने उडवली नाही, क्लीनरने ओली करून पुसली, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं ना. मागचे ब्रेक जुळवायच्या अॅडजस्टर स्क्रूचं चौकोनी डोकं गंजून बसलं होतं, त्याने अर्धा तास खाल्ला.

ब्रेक ऑइलचा रंग आमच्याकडच्या टपरीच्या चहासारखा झाला होता. डॉट ४ (या ब्रेक ऑइलचा प्रकार) हवेतलं पाणी ओढून घेतं, नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळणारं ऑइल पाणी मुरल्यावर १५५च्या आसपास येऊ शकतं, मग उतारावर ब्रेक तापले की पेडल स्पंजासारखं. दर दोन वर्षांनी बदला, गाडी नुसती शेडमध्ये उभी असली तरी. ब्रेकच्या पाइपांतली एअर काढायला पेडलवर मीच होतो, पंप मार, धर, सोड, अगदी लहानपणी बाबांच्या फियाटला मारायचो तसं. मास्टर सिलिंडरभोवती (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा भाग) ओलं फडकं पसरलं होतं, ते ऑइल सांडलं तर रंग सोलून निघतो.

इथे ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला २०१८पासून दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडीची सरकारी तपासणी, सक्तीची नाही, त्यामुळे बरेच जण ब्रेककडे बघतच नाहीत, मीही त्यातलाच. आता दरवर्षी इथे दाखवणार.

एक स्टार का कापला तर हॅन्डब्रेक फारच टाइट ठेवला होता. घरी येऊन मागच्या ड्रमला हात लावला तर चटका बसला, परत जावं लागलं. केबल सैल करून दिली, पैसे घेतले नाहीत, पण माझे साठ मैल आणि अख्खा शनिवार गेला. शिवाय नंबर लागायला तीन आठवडे आणि बिल हाताने लिहिलेलं, त्यातला अर्धा मजकूर मला अजून वाचता आलेला नाही. एकूण ५४० पौंड झाले, सगळं धरून. जाणार असाल तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन करा, काका एकदा गाडीखाली शिरले की उचलत नाहीत.