डबी बसवली, वायर जोडलीच नाही

गाडीला धुक्यासाठीचे फॉग लॅम्प आणि रस्ता रेकॉर्ड करणारा डॅशकॅम लावून घेतला. दुकानाने लॅम्पच्या रिलेचे, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पैसे घेतले, बॉनेटखाली रिलेची काळी डबी स्क्रू मारून छान बसवली, आणि त्या डबीतून करंट कुठे जातच नव्हता. नुसत्या रिले किटचे नऊशे रुपये लावले होते. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण त्याच फिटिंगने बॅटरी उतरवली, मग त्याच दुकानाने ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी गळ्यात मारली, आणि तीही उतरली तेव्हा बॅटरी भरणारा ‘डायनामो वीक आहे’ म्हणून पुढचा खर्च सांगितला. बिघाड त्यांचा, इलाजही त्यांचाच, पैसे तेवढे माझे.

मी पाचगणीला शिकवते. सोमवारी पहाटे साताऱ्याहून निघायचं, पाचवडला हायवे सोडून वाई, मग पसरणीचा घाट, आणि शनिवारी दुपारी परत. मधले दिवस गाडी शाळेच्या क्वार्टर्सखाली उभी असते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथेच उघडा पडला. पावसाळ्यात पसरणीला धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे मागचे दिवेसुद्धा दिसत नाहीत. माझी गाडी खालच्या मॉडेलची, कंपनीचे फॉग लॅम्प नाहीत. शिवाय वळणावर ओव्हरटेक करणारे पर्यटक इतके वाढलेत की डॅशकॅम लावून घ्यावा असंही मनात होतं.

साताऱ्यातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. नाव देत नाही, प्रकरण अजून चालू आहे. मला काय हवं ते मी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं होतं: ५५ वॅटचे दोन पिवळे फॉग लॅम्प, रिलेवर, आणि डॅशकॅम असा, की चावी काढली की बंद व्हायला हवा. काउंटरवरच्या मुलाने वर अंगठा पाठवला आणि प्रत्यक्ष गेल्यावर म्हणाला, “मॅडम, काय टेन्शन घेऊ नका. रिले, फ्यूज, प्युअर कॉपर वायर, सगळं टाकून देतो.” लॅम्प २,८००, रिले किट ९००, डॅशकॅम गाडीच्या वायरिंगला जोडायचं हार्डवायर किट १,५००, फिटिंग ८००. कॅमेरा माझा मी नेला होता. बिल म्हणून वहीतला कागद दिला, ‘फॉग + कॅमेरा फिटिंग, ६,०००’.

रिलेचा आग्रह कशासाठी, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण ग्राहकाला हे माहीत नसतं यावरच त्यांचं दुकान चालतं. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टवर साधारण ९ अँपियर होतात. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून किंवा गाडीच्या मूळच्या बारीक वायरमधून न्यायचा नसतो. म्हणून लॅम्पचा करंट थेट बॅटरीतून, जाड वायरने, बॅटरीला लागूनच फ्यूज देऊन रिलेपर्यंत आणतात, आणि स्विच फक्त रिलेला ‘चालू हो’ एवढाच इशारा देतो. त्या इशाऱ्याला अर्धा अँपियरही लागत नाही. तो इशारा चावीवर चालणाऱ्या लाइनवरून घेतला, की चावी काढल्यावर लॅम्प चुकूनही चालू राहत नाहीत. रिलेच्या खाली नंबर छापलेले असतात: ३० ला बॅटरी, ८७ ला लॅम्प, ८६ ला स्विचची वायर, ८५ ला अर्थ.

पहिल्याच शनिवारी पाचगणीत चावी फिरवली तर सेल्फने नुसतं टकटक केलं. मीटरचे दिवे लागले आणि मंद होत विझले. सहकाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन कशीबशी साताऱ्याला आले, आणि फिटिंग त्यांचं म्हणून सरळ त्याच दुकानात गेले. मुलाने टेस्टर लावला, कागदाची पट्टी बाहेर आली, तिच्यावर ‘रिप्लेस’. ४,२०० रुपयांची नवी बॅटरी, जुनी बदल्यात घेतली. पूर्ण उतरलेली बॅटरी चार्ज न करताच टेस्टरला लावली तर टेस्टर तिला नापास करण्याचीच शक्यता जास्त. आधी चार्जिंग, मग तपासणी, असा क्रम असतो. जुनी बॅटरी दुकानातच ठेवून घेतल्यामुळे ती खरंच गेली होती का, हे आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही. किती सोयीचं!

पुढच्या सोमवारी घाटात धुकं होतं म्हणून फॉग लॅम्प लावले. दत्तमंदिराच्या वळणाच्या पुढे गाडीत प्लॅस्टिक तापल्याचा वास यायला लागला. स्विचला हात लावला तर तो चांगलाच गरम. लॅम्प बंद केले, थोड्या वेळाने वास गेला. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, “नवीन वायरिंग आहे ना मॅडम, सुरुवातीला वास येतोच.” नव्या भांड्याला वास येतो तसा वायरिंगला येतो, हे ज्ञान मला तेव्हा झालं. त्या शनिवारी बॅटरी पुन्हा उतरलेली. यावेळी निदान बदललं: डायनामो. पाच-सहा हजारांचा अंदाज सांगून टाकला, तेही बॉनेट न उघडता.

चोर पकडला तो कॅमेऱ्याच्या कार्डाने. घाटात एका ट्रॅव्हल्सवाल्याने जवळजवळ कठड्याला दाबलं होतं, ती क्लिप बघावी म्हणून कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. सोमवारच्या क्लिप कधीच पुसल्या गेल्या होत्या, कारण कार्ड भरलं की जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. पण जे होतं ते पाहून मी चाटच पडले. गुरुवारी रात्री क्वार्टर्सची भिंत, तिच्यावरून वाहणारं पाणी, अडीचच्या सुमाराला वॉचमनच्या टॉर्चचा उजेड इकडून तिकडे गेलेला, मग पुन्हा भिंत. शेवटची क्लिप शुक्रवारी पहाटेची, मध्येच तुटलेली. म्हणजे चावी माझ्या पर्समध्ये आणि कॅमेरा चार दिवस-रात्र अखंड चालू. बॅटरी संपली तेव्हाच तो थांबला.

कार्ड आणि गाडी घेऊन एमआयडीसीकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. वयस्क माणूस, सगळे मिस्त्रीच म्हणतात. बॅटरी आधी रात्रभर चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी चावी बंद, दारं बंद, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मधे मल्टिमीटर लावला. गाडी झोपेपर्यंत थांबायचं, म्हणाले, कारण लॉक केल्यावरही काही मिनिटं आतले कॉम्प्युटर जागे असतात. मग आकडा स्थिरावला: ०.३४ अँपियर. ५० मिलिअँपियर, म्हणजे ०.०५ च्या आत असेल तर काळजी नाही. कॅमेऱ्याची पिन उपटली तसा आकडा ०.०२ वर आला.

“ताई, तुमचा डायनामो झकास हाय,” गाडी चालू करून त्यांनी बॅटरीवर १४.२ व्होल्ट दाखवले. हिशोबही तिथेच झाला. ०.३४ गुणिले चोवीस, म्हणजे दिवसाला आठ अँपियर-अवर. माझी बॅटरी ३५ ची. सोमवारी सकाळी उभी केलेली गाडी शुक्रवारी मेलीच पाहिजे, आणि कार्डावर शुक्रवारच होता. रोज गाडी चालवणाऱ्याला हे महिनोन् महिने कळणार नाही. बॅटरी रोज थोडी उतरणार, रोज थोडी भरणार, आणि दीड वर्षात गेली की आपण कंपनीला शिव्या देणार.

हार्डवायर किटला तीन वायरी असतात. एक कायमच्या करंटला, एक चावीवर चालणाऱ्या लाइनला, एक अर्थला. बॅटरीचं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की किट स्वतःहून कॅमेरा तोडतं. माझ्या गाडीत निघालं ते साधं १२ चं ५ व्होल्ट करणारं कन्व्हर्टर, दोनच वायरींचं, आतल्या दिव्याच्या फ्यूजमध्ये उघडी तार खोचून दिलेलं. तो फ्यूज चावी काढली तरी जिवंतच. १,५०० रुपये मात्र किटचे.

मग मिस्त्रींनी रिले सोडवला. सॉकेटमध्ये चार वायरी खोचलेल्या, वरून टेपने आवळलेल्या. दिसायला एकदम नीट. टेप सोडत गेलो तर चारही वायरी वीतभर पुढे कापून आतल्या आत दुमडलेल्या. “ह्यो रिले नुसता शोभेला हाय बगा.” लॅम्पची खरी वायर डॅशबोर्डच्या आतून, पार्किंग लाइटच्या वायरला सोलून, पीळ देऊन, टेप मारून जोडलेली. सोल्डर नाही, कपलर नाही.

आणि मग फ्यूज. हे मला कायम आठवणार आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या तक्त्यावर पार्किंग लाइटच्या जागी १० अँपियर लिहिलेलं. १० चा फ्यूज लाल असतो. तिथे हिरवा बसवला होता. हिरवा म्हणजे ३०. पार्किंग लाइटच्या लाइनवर मूळचे दोन-तीन अँपियर, त्यात ह्यांचे नऊ, मग लाल फ्यूज उडणारच. उडाला असणार, आणि त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे न उडणारा फ्यूज. फ्यूज असतो वायर जळण्याआधी स्वतः जळायला. ३० चा टाकल्यावर आधी वायर जळते. ती सुरुवात झालीच होती: स्विचच्या मागे दोन वायरींचं प्लॅस्टिक मऊ होऊन एकमेकांना चिकटलेलं. घाटात तो वास नव्या वायरिंगचा नव्हता.

‘प्युअर कॉपर’ वायरीचं टोक मिस्त्रींनी ब्लेडने खरवडलं. वरचा तांबूस मुलामा निघाला आणि आत पांढरी ॲल्युमिनियम. दोन-चार वेळा वाकवली तर तुटली.

हे असं का करतात, हा प्रश्न मला पडला होता. मिस्त्रींच्या मते कारण लबाडीपेक्षा घाईचं जास्त. बॅटरीपासून नवीन वायर रबरी बुचातून आत आणायची, चावीची लाइन शोधायची, रिलेच्या पिना दाबायच्या, यात अर्धा दिवस जातो. पार्किंगच्या वायरला पीळ मारला की वीस मिनिटांत गाडी बाहेर. हे मला निम्मंच पटतं. घाई असती तर रिले लावलाच नसता. वायरी कापून, दुमडून, टेपने सजवायला वेळ काढला, म्हणजे ग्राहक बॉनेट उघडून बघेल याचा विचार केलेला होता.

तुमच्या गाडीत असं फिटिंग झालं असेल तर काही गोष्टी दुकानातून बाहेर पडण्याआधीच बघता येतात. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. रिले खराच जोडलेला असेल तर चावी चालू करून लॅम्पचा स्विच दाबताना रिलेवर बोट ठेवा, ‘टक’ असा ठोका बोटाला कळतो. माझ्या रिलेला तो कधीच लागला नसता. फ्यूजचा रंग झाकणावरच्या आकड्याशी जुळवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेल्या नव्या वायरवर हातभर अंतराच्या आत फ्यूज दिसला पाहिजे. ११० वॅटच्या लॅम्पना १५ चा पुरतो. आणि चावी काढून, गाडी लॉक करून दहा मिनिटं बाहेर थांबा. कॅमेऱ्याचा बारका दिवा लुकलुकत असेल तर तिथेच कारण विचारा. चावीवर चालणारी लाइन शोधताना एअरबॅगच्या किंवा इंजिन कॉम्प्युटरच्या फ्यूजला हात लावू देऊ नका. पॉवर सॉकेटची लाइन चालत असेल तर ती बरी, फक्त काही गाड्यांत ती चावी काढल्यावरही चालू राहते, म्हणून टेस्ट लॅम्पने बघून घ्यायची.

मिस्त्रींनी सगळं उपटून पुन्हा केलं: २.५ चौरस मिलिमीटरची खरी तांब्याची वायर, १५ चा फ्यूज, खरा रिले, पार्किंगच्या जागी पुन्हा लाल फ्यूज, चिकटलेल्या वायरी बदलल्या. कॅमेऱ्याचं किट मी नवं आणून दिलं, त्याचा कट-ऑफ १२.२ व्होल्टला लावला. त्यांनी पक्कं बिल दिलं, आणि मी मागितलं म्हणून जुन्या फिटिंगमध्ये काय काय सापडलं ते त्यावरच लिहून सही केली. काढलेल्या वायरी, हिरवा फ्यूज आणि तो शोभेचा रिले एका पिशवीत भरून ठेवलाय. काढण्याआधी जागेवरचे फोटोही घेतले.

दुकानात हे सगळं टेबलावर ठेवलं तर मालकांनी आधी हात वर केले. “तुम्ही बाहेर कुठे हात लावून घेतला असेल.” मग, “रिले पायजे म्हणाला, रिले टाकलाय की.” मी वाद घातला नाही. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्हॉट्सॲपचा संवाद, वहीतला कागद, मिस्त्रींचं बिल आणि फोटो जोडले. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती दुकानदाराला विचारते आणि तडजोड घडवायला बघते. पण त्या एका विचारणेनेच सूर बदलला. रिले किट, कॅमेऱ्याचं किट आणि फिटिंगचे मिळून ३,२०० रुपये परत आले.

बॅटरीचे नाहीत. ‘वापरलेला माल परत घेत नाही’ असं उत्तर आलं. त्यासाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तयार करतेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत जाता येतं. हे दुकानाला कुठूनतरी कळलं असावं. परवा मालकांचा फोन आला होता, बॅटरीचे अर्धे देतो, पुढे जाऊ नका. मी सगळे मागितलेत, आणि जुन्या बॅटरीचा नंबर कळवा असं मीच त्यांना सांगितलंय. तो अजून आलेला नाही.