चार लाख साडेबारा हजारांचा हिरवा रंग

आधीच सांगतो, पैसे परत मिळतील या आशेने हे लिहीत नाही. जुनी गाडी रंगवायला काढलेला आणखी कुणी माझ्यासारखा बकरा होऊ नये म्हणून लिहितोय. आणि हो, राग आहे म्हणूनही. नाव टाकत नाही, वकिलाने मना केलंय.

गाडी १९५७ ची एमजीए, इंग्लंडची जुनी स्पोर्ट्स कार, १४८९ सीसी, दोन सीटची, उघड्या टपाची. २००९ साली घेतली तेव्हा ती लाल होती, आणि तो लाल कंपनीचा नाही हे शेंबडं पोरही सांगेल. वायरींवर, रबरांवर, स्क्रूच्या डोक्यांवर, सगळीकडे फवारा उडालेला. माझा छपाईचा प्रेस बंद केल्यावर हाताशी वेळ होता, मशीन विकल्याचे चार पैसेही होते. म्हटलं, आता हिला मूळ रंगात आणायची. मूळ रंग कोणता, एवढाच प्रश्न होता. १९५५ साली ही गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यातून यायला लागली तेव्हाचे रंग मोजकेच: काळा, ओरिएंट रेड, ओल्ड इंग्लिश व्हाइट, ग्लेशियर ब्लू, टायरोलाइट ग्रीन. पाचांतून एक शोधायचा. तेवढ्यात मी चार लाख घालवले.

ज्याने मला बकरा बनवलं, त्याचा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये 'रिस्टोरेशन स्टुडिओ'. दारात एक चकाचक जॅग्वार उभी. ती कुणाची होती ते मला आजवर कळलेलं नाही. तोंडात सतत काका, काका. "काका, रंग अंदाजाने लावायचा नसतो. इंग्लंडहून दाखला मागवू. व्हीए सिरीजची, म्हणजे व्हिंटेज गाड्यांची नंबरप्लेट घ्यायची तर तो लागतोच." धादांत खोटं. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांपुढच्या गाडीची चासी, सांगाडा, इंजिन मूळचं असावं असं आहे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी आहे. रंगाच्या दाखल्याचं नाव नाही. पण मी नियम वाचला पैसे गेल्यावर. दाखल्याचे ३८,५०० रुपये.

तीन आठवड्यांनी दाखला आला. टायरोलाइट ग्रीन! "काका, लॉटरी लागली. हा दुर्मिळ शेड. गाडीची किंमत सरळ दहा लाखांनी वर." खोटं कशाला बोलू, त्या दहा लाखांनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. दाखल्यावर 'कलर'चं स्पेलिंग 'यू'शिवाय होतं. इंग्लंडचा कागद आणि स्पेलिंग अमेरिकेचं. ३१ वर्षं मी लोकांची प्रूफं तपासली, आणि स्वतःचं बिनचूक म्हणून खिशात घातलं.

पण खरी शरम त्याची नाही. ती त्या रविवारची आहे.

गाडी द्यायच्या आधी डॅशबोर्ड आम्ही घरीच काढला होता. बायको बॅटरी धरून उभी. स्पीडोमीटरच्या मागे, फवारा पोचला नव्हता तिथे, तळहाताएवढा मूळ पत्रा दिसला. दुधात निळीचा थेंब पडावा तसा. ती म्हणाली, "अहो, ही तर आकाशी आहे." मी फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर: "काका, तो प्रायमर. त्या काळी निळसर असायचा." आणि मी, आयुष्यभर शाया मिसळलेला माणूस, बायकोला म्हणालो, "प्रायमर आहे तो, तुला नाही कळायचं." तिने बॅटरी बंद केली आणि आत गेली.

प्रायमर चकाकत नाही. प्रायमरवरून बोट फिरवलं की खरखर लागते. मी बोट फिरवलं होतं, हात काचेवरून घसरावा तसा घसरला होता. लग्नपत्रिकेच्या कुंकवात पिवळा जरा जास्त पडला तरी मशीन थांबवणारा मी. त्या दिवशी काय झालं होतं मला?

वर कळस ऐका. बॉनेटखाली गाडीच्या नंबरची पट्टी ठोकलेली असते. माझी सुरू होते एच, डी, एल अशी. १५०० मॉडेलच्या, म्हणजे माझ्या गाडीसारख्या, पट्टीवर तिसरं अक्षर रंगाचं असतं. ए काळा, के लाल, टी फिका हिरवा, एल फिका निळा. सोळा वर्षं त्या पट्टीवरची धूळ मी स्वतःच्या हाताने पुसली. (१९५९ च्या १६०० मॉडेलपासून पट्टीवरचं रंगाचं अक्षर गेलं, त्यामुळे सगळ्यांनीच बॉनेट उघडायला धावू नका.)

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. टू-के रंग, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा, 'इंग्लंडहून', कस्टम धरून १,६४,००० रुपये. नमुन्याचा पत्रा त्याने संध्याकाळी उशिरा शेडमध्ये दाखवला, ट्यूबलाइटखाली. घरी येतो न येतो तोच त्याचा फोटो आणि मेसेज: कंटेनर आज रात्री बंद होतोय, हो की नाही सांगा. मी हो म्हटलं. मग मजुरीचा ॲडव्हान्स २,१०,०००. त्यातले १,१०,००० चेकने, एक लाख रोख, पावतीशिवाय. हसा. एकूण ४,१२,५००.

पाच महिन्यांनी गाडी आली. सावलीत बरी दिसली. उन्हात काढली तर बागेतल्या बाकड्याचा हिरवा! दोन महिन्यांत पुढच्या मडगार्डवर केसाएवढी चीर. पुट्टीचा संशय आला म्हणून चुंबक घेऊन शेडवर गेलो आणि बॉनेटला लावला. पडला. तो हसला, "काका, एमजीएचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, चुंबक धरेल कसा?" ते मात्र खरं आहे. बॉनेट, डिकीचं झाकण, दारांचे पत्रे ॲल्युमिनियमचेच. त्याची पोरंही हसली. मी चुंबक खिशात घातला. मडगार्ड लोखंडाचं, बॉनेटपासून वीतभर अंतरावर, आणि तिथे लावायची मला लाज वाटली. घरी येऊन लावला. तिथूनही पडला. म्हणजे खाली पुट्टीच.

शेवटी एका जुन्या पेंटरला बोलावलं. त्याने चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या काठावर घासली. चिंधी हिरवी. "साहेब, हा साधा ड्यूको आहे, थिनरला विरघळतो. टू-के असता तर चिंधी कोरी राहिली असती. त्याच्याकडे कुणाच्या तरी कामाचा हिरवा उरला असणार." ही चिंधी गाडी ताब्यात घेण्याआधी घासा, नंतर नाही.

रंग परदेशातून मागवायची गरजच नसते, हेही त्यानेच सांगितलं. मूळ रंगाचा लपलेला तुकडा सापडला की तो घासून, पॉलिश करून मशीनने स्कॅन होतो आणि इथेच शेड बनतो. शिवाय रंग ज्वालाग्राही माल आहे, साध्या कुरिअरच्या पावतीवर येत नाही. माझ्या फायलीत साध्या कुरिअरचीच पावती आहे. बिलावरचा जीएसटी नंबर पैसे देण्याआधी पोर्टलवर टाकून बघा. मी नंतर टाकला, तो निघाला एका केटरिंगवाल्याचा.

आता आपली यंत्रणा. पोलीस चौकीत पहिलंच वाक्य: "काका, रंग आवडला नाही म्हणून तक्रार?" मागची पोरं खुदकन हसली. बनावट दाखला समोर ठेवला तर म्हणे हा दिवाणी मामला. दुसऱ्यांदा गेलो, साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच दिली नाही. चौथ्यांदा अर्जच सापडेना. एका हवालदाराने ज्ञान दिलं, "चारशेवीसचं आता तीनशे अठरा झालंय, पण तुम्हाला दोन्ही लागत नाही." हेल्पलाइनवर मुलीने विचारलं, ओटीपी दिला होता का? नाही. मग हे सायबर नाही. बँक म्हणते तुम्हीच पाठवलेत. म्हणजे चोराला मी घरात बोलावून चहा पाजला तर ती चोरी नाही! कर भरताना कुणी म्हणत नाही की काका, हा तुमचा दिवाणी मामला.

दाखला थेट मागवा. इंग्लंडात गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, ते कारखान्याच्या नोंदी बघून देतात, मध्ये कुणी लागत नाही. मी फार उशिरा मागवला. ग्लेशियर ब्लू. 'कलर'मध्ये 'यू' आहे. बायकोला दाखवला, तिने वाचून परत दिला, बोलली काहीच नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि तारखा पडत राहतात. नोटिशीला त्याच्या वकिलाचं सहा पानी उत्तर आलंय. पान चारवर माझ्याच व्हॉट्सॲपची छपाई: हिरव्या पत्र्याचा फोटो, खाली माझा अंगठा, आणि वकिलाची ओळ, 'ग्राहकाने रंग तपासून मान्य केला.' अंगठ्याखाली वेळ आहे, रात्रीचे ९.४०. माझ्या प्रेसमध्ये दिवे लागल्यावर रंगीत प्रूफ पास करायला बंदी होती. तशी पाटी मीच छापून लावली होती.