फरशीखाली काय आहे ते मी पाहिलंच नाही

रिकाम्या बादल्या बघून मी फसले. वॉटरप्रूफिंगच्या केमिकलच्या चार बादल्या दाराशी ओळीने मांडलेल्या होत्या. "बघा ताई, सगळा माल तुमच्याच कामाला लागलाय, मोजून घ्या," कंत्राटदार म्हणाला आणि मी खरंच मोजल्या. बरोबर चार निघाल्या. आत मात्र डोकावले नाही. आठ महिन्यांनी त्याच बादल्यांतून बाथरूमचा राडारोडा बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा दिसलं की तिघींच्या तळाशी सिमेंटचा जुना थर दगडासारखा धरलेला आहे. त्या आमच्याकडे आल्या तेव्हाच रिकाम्या होत्या. दुसऱ्या कुठल्यातरी कामावर त्यांत माल कालवून झाला होता.

आईला चाकांच्या खुर्चीवर बसवून आंघोळीला न्यावं लागतं. आमचं घर जुनं, बाथरूम वरच्या मजल्यावर, खाली लाकडी तुळया आणि फळ्या, दाराला वीतभर उंबरा. रोज दोघांनी खुर्ची उचलून आत ठेवायची. म्हणून वेट रूम करायचं ठरलं. म्हणजे उंबरा नाही, शॉवरखाली वेगळा कट्टा नाही, खोलीची अख्खी जमीनच ढाळाने सांडपाण्याच्या जाळीकडे जाते आणि भिंतींसकट सगळी खोली भिजली तरी चालते. ऐकायला सोपं वाटतं. पण उंबरा काढायचा तर आतली जमीन बाहेरच्या खोलीच्या पातळीलाच यायला हवी, म्हणजे ढाळ, ट्रॅप (जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं भांडं) आणि सांडपाण्याचा पाइप हे सगळं त्याच्या खाली बसवायचं. आणि खाली तर तुळया!

दोघांना बोलावलं होतं. पहिला गवंडी तासभर नुसते प्रश्नच विचारत होता. तुळया किती जाड, कोणत्या दिशेने गेल्यात, पाइप त्यांना समांतर जाईल की आडवा, खालच्या खोलीत काय आहे. फळ्या उचलून बघितल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही, म्हणाला. दुसरा दारातच उभा राहिला, मोबाइलवर चार फोटो काढले आणि दहा मिनिटांत आकडा दिला. मला पहिला उगाच काम वाढवणारा वाटला आणि दुसरा अनुभवी. आता हे लिहितानाही लाज वाटते.

काम दुसऱ्याला दिलं. त्याने निम्मे पैसे आधी घेतले. फरशी बसली की 40 टक्के आणि उरलेले 10 टक्के सगळं झाल्यावर. ही वाटणी मला तेव्हा अगदी रास्त वाटली होती. पण नीट बघा, फरशी बसेपर्यंत त्याच्या खिशात 90 टक्के जातात, आणि फरशी बसली की खालचं काही दिसायचा प्रश्नच मिटतो.

"धुळीचा त्रास होईल, आजींना दहा दिवस दुसरीकडे न्या," असं त्यानेच सुचवलं. किती काळजी करतो, असं वाटून आम्ही बहिणीकडे राहिलो. तो रोज फोटो पाठवायचा. एका फोटोत काळपट कोटिंग मारलेली जमीन आणि तिच्यावर चार बोटं पाणी उभं केलेलं. "पाणी भरून टेस्ट केली ताई, एक थेंब गेला नाही." मी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने पुढे पाठवला. त्यातली खिडकी दाराच्या डाव्या हाताला आहे. आमची उजवीकडे आहे. ज्या घरात माझा जन्म गेला, त्या घरातली खिडकी कुठल्या बाजूला आहे हे माझ्या लक्षात आलं नाही, बहिणीच्या नाही, आईच्याही नाही. सगळे चकचकीत पाण्याकडे बघत होते.

काम दिसायला सुरेख झालं होतं, हे मान्य करायला हवं. खडबडीत फिनिशची फरशी, सरळ सांधे, दारात उंबरा नाही. पहिल्या दिवशी खुर्ची सरळ आत गेली तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि आठवडाभरात बाथरूमचं पाणी दारातून खोलीत यायला लागलं. ढाळ मीटरला साधारण 15 ते 20 मिलिमीटर तरी जाळीकडे हवा. आमच्याकडे गोटी ठेवली तर ती आधी थोडी थबकायची आणि मग दाराकडे घरंगळायची. त्याला फोन केला. लगेच आला, हे विशेष, कारण माझ्या हातात त्याचे शेवटचे 10 टक्के होते. उपाय काय सुचवला? "दारात दोन इंचाची पट्टी बसवून देतो, पाणी जागेवर थांबेल." म्हणजे जो उंबरा काढण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच परत! मी नाही म्हटलं. त्यावर तो नाराज झाला.

मग वास सुरू झाला. ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं, तेच गटारातला वास अडवतं. खाली जागा करायचे कष्ट नकोत म्हणून त्याने उथळ ट्रॅप घातला होता. एक दिवस वापर झाला नाही की त्यातलं पाणी आटायचं. नंतर कोपऱ्यातल्या दोन फरश्या पायाखाली पोकळ वाजायला लागल्या. सातव्या महिन्यात खालच्या खोलीच्या छतावर ताटाएवढा पिवळा डाग उमटला.

"जुन्या घराला ओल असतेच ताई." हे वाक्य त्याने प्रत्येक फोनवर ऐकवलं. तुम्हालाही कुणी हे ऐकवलं तर एवढंच विचारा, मग ही ओल काम होण्याआधी इथे का नव्हती? दोनदा माणूस पाठवून त्याने फरशीच्या दरजा पांढऱ्या सिमेंटने भरून दिल्या. मला तेव्हा माहीत नव्हतं की दरजा भरून गळती थांबत नसते. फरशी आणि ग्राउट, म्हणजे दरजांत भरलेला माल, हा फक्त वरचा पोशाख आहे, सांध्यांमधून थोडं पाणी खाली जाणारच. ते अडवायचं काम खालच्या कोटिंगचं. ते नसेल तर वरून कितीही लिंपा.

शेवटी दहा वर्षांच्या गॅरंटीचा कागद काढला. छान छापील, शिक्का मारलेला. खालच्या बारीक ओळीत लिहिलेलं, "फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपल्यास जबाबदारी राहणार नाही." बाथरूमच्या जमिनीत पाणी आणखी कुठून झिरपणार होतं?

खाली मान घालून पहिल्या गवंड्याला परत बोलावलं. तो काही बोलला नाही, नुसती कॉइन काढून फरशीवर ठकठक करत फिरला आणि जिथे पोकळ वाजलं तिथे खडूने फुल्या मारत गेला. फुल्यांनी निम्मी खोली भरली. मग छिन्नी लावली. प्रत्येक फरशीखाली मालाचे पाच गोळे, मधे मोकळी जागा आणि त्या जागेत साचलेलं पाणी. त्याखाली सरळ जुन्या फळ्यांवर ओतलेला जाड कोबा. एका चौरस मीटरवर 10 सेंटिमीटर कोबा म्हणजे जवळपास 200 किलो वजन, आणि लाकूड तर ऋतूनुसार हलतं, मग कोब्याला तडे जाणारच. कोटिंग कुठे होतं? जाळीभोवती हातभर गोल, एकच हात, नखाने सोललं तर निघून आलं. कोपऱ्यांत पट्टी नाही, भिंतीवर वर चढवलेलं नाही.

हे सगळं मी रागाने बघत होते. भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. पाइप आडवा न्यायला त्याने दोन तुळयांना वरून जवळजवळ निम्म्यापर्यंत खाचा मारल्या होत्या, त्याही अगदी मध्यावर, जिथे तुळईवर सगळ्यात जास्त ताण असतो. गवंड्याने त्या खाचेत पूर्ण पंजा घालून दाखवला. वर 200 किलोचा हिशेब, त्यात आईची खुर्ची आणि तिला धरणारी मी.

नवीन काम सहा आठवडे चाललं. तुळयांना बाजूने जोड देऊन बोल्ट मारले, पाइपची दिशा बदलून तो तुळयांना समांतर नेला, फळ्यांवर सिमेंटचे बोर्ड टाकले, लवचीक कोटिंगचे दोन हात मारले. पहिला हात राखाडी, दुसरा पांढरा, म्हणजे कुठे सुटलं तर लगेच दिसतं. कोपऱ्यांत कोटिंगमध्ये जाळीदार पट्टी, आणि शॉवरच्या भिंतीला कोटिंग छतापर्यंत. कोटिंग वाळू दिलं आणि मग दारात तात्पुरता बांध घालून, जाळीचं तोंड बंद करून पाणी भरलं. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ ती रेघ बघायला जायचे. 48 तास. खालच्या छतालाही हात लावून बघायचे. या खेपेला मी घरातच मुक्काम ठोकला होता आणि पैसे प्रत्येक थर बघून, तो झाकायच्या आधी देत होते.

गेलेले पैसे परत मिळाले नाहीत. लेखी तक्रार पाठवली, फोटो जोडले, खाचांचेही आणि त्या खिडकीचेही. उत्तर आलं नाही. शेवटचे 10 टक्के मात्र मी दिलेले नाहीत, आणि त्यासाठी त्याचा महिन्याला एक फोन न चुकता येतो.