आयटीआय की तीन महिन्यांचा कोर्स? ऊसतोडीच्या घराच्या हिशेबाने

दहावीचा निकाल लागला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा-शिरूर भागात एकच प्रश्न कानावर येतो: पोराला आयटीआयला घालावं, की सरकारी योजनेतला तो तीन महिन्यांचा फुकटचा निवासी कोर्स करू द्यावा? विचारणारा बहुतेक ऊसतोडीच्या घरातला असतो, म्हणून उत्तरही त्याच घराचा हिशेब धरून दिलेलं बरं. मी सरकारी आयटीआयमधून वेल्डर झालो. माझा चुलतभाऊ त्याच सुमारास तीन महिन्यांच्या कोर्सला गेला, तोही वेल्डिंगच्याच. दोन्ही वाटा मी घरातच पाहिल्यात.

छोट्या कोर्सला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना 2014 साली आली, आपल्याकडे ती ‘उमेद’, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते. खेड्यातल्या गरीब घरच्या 15 ते 35 वयाच्या पोरापोरींना शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत, आणि शेवटी नोकरी लावून द्यायची जबाबदारीही शिकवणाऱ्यावर. डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे तोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, असलेल्या घराला तीन महिने झेपतात. आयटीआयचं तसं नाही. तिथे परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. दिवाळीच्या सुमारास पोरगं आईबापाबरोबर कारखान्यावर गेलं की वर्ष बुडालं. ऊसतोडीत माणसं कोयत्यावर मोजतात: नवराबायकोचा मिळून एक कोयता, आणि हाताशी आलेलं पोरगं सोबत असलं की अर्धा कोयता वाढतो. ज्या घराला तो अर्धा कोयता सोडावा लागतो त्यालाच त्याची किंमत कळते. आमच्या घरी त्या वर्षी आईने कानातलं मोडलं.

शिकवण्यातला फरक दिसतो, पण तो पुढे भरून निघतो. वेल्डिंगचा हात रॉड जाळल्याशिवाय बसत नाही. आयटीआयमध्ये आधी कानस मारून पट्टी सरळ करायची, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडात बघायची, फट दिसली की पुन्हा घासायची. मग सपाट जोड, मग आडवा, मग उभा, शेवटी डोक्यावरचा. उभ्या जोडात वितळलेलं लोखंड खाली ओघळतं, ते हाताच्या लयीने जागच्या जागी धरावं लागतं. भावाच्या कोर्समध्ये सपाट जोड चांगला झाला, उभ्यापर्यंत पोचेपर्यंत मुदत संपली. पण जिद्दीचं पोरगं. पुढे उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका शॉपमध्ये राबून त्याने ती कसर काढली. आज त्याचा उभा जोड माझ्यापेक्षा देखणा येतो, हे मी कुणालाही सांगेन.

म्हणूनच पुढची गोष्ट मला फार लागली. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही दोघे ठेकेदाराकडे उभे राहिलो. दोघांना पट्ट्या दिल्या, दोघांचे जोड पास झाले. मग कारकुनाने फॉर्म पुढे ओढला. त्यात रकाना होता: ट्रेड आणि आयटीआय पास झाल्याचं वर्ष. माझा भरला. भावाने कोर्सचं प्रमाणपत्र काढलं, कारकुनाने ते उलटसुलट करून परत दिलं आणि रकान्यात ‘हेल्पर’ लिहिलं. किमान वेतनाच्या तक्त्यात कामगार कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे धरतात. भाऊ वेल्डिंगच करायचा, शेजारच्याच बूथमध्ये, आणि पगार अकुशलचा घ्यायचा. फरक किती, तर त्याच्या खोलीचं भाडं निघालं असतं इतका. तो एका महिन्याचा नव्हता. ठेकेदार बदलला, फॉर्म बदलला, रकाना तोच राहिला. नियम काय सांगतो यावर वाद घालता येईल, पण गेटवर उभ्या असलेल्या पोराला वाद परवडत नाही.

सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. काही कंपन्या हात बघून घेतात. पण सरकारसुद्धा मोजताना आयटीआय वेगळी मोजतं. 2024 साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली, त्यात बारावीला महिना 6,000 रुपये, पदवीधराला 10,000, आणि आयटीआयवाल्याला पदविकेच्या बरोबरीने 8,000. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला वीजतंत्री किंवा तारतंत्रीची आयटीआय धरतात. फिटर, इलेक्ट्रिशियनसारखा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर केला, तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही उघडी राहते.

दोन वर्षं अजिबात निघत नसतील तर वेल्डर बघा, तो एका वर्षाचा आहे आणि दहावी नापासालाही मिळतो. त्यानंतर 1961 च्या कायद्याखालची ॲप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी, करा. विद्यावेतन थोडं असतं, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला मी तसंच काढलं. शक्यतो सरकारी आयटीआयच घ्या, फी कमी आणि यंत्रं चालू असतात.

छोटा कोर्स कुणी घ्यावा, तर पंचविशी ओलांडलेल्याने, ज्याच्यामागे बायकापोरं आहेत त्याने, किंवा ज्या लेकीला घरचे वर्षभर बाहेर ठेवणार नाहीत तिने. शिवणकाम, शेळीपालन असलं स्वतःचं काही करायचं असेल तर बँकांच्या ‘आरसेटी’ या स्वयंरोजगार केंद्रांचं मोफत प्रशिक्षण चांगलं, तिथे गेटही नाही आणि रकानाही नाही. नोकरीसाठी कोर्स घेणार असाल तर मागच्या तुकडीतल्या दोन पोरांना गाठा आणि त्यांची पगाराची चिठ्ठी बघा. पदाच्या पुढे काय लिहिलंय ते आधी वाचा, रक्कम मागून.

सोळा-सतरा वर्षांचं पोरगं असेल तर मात्र मी आयटीआयकडेच बोट दाखवीन. आणि एक तारखांचं गणित: प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज निकालानंतर लगेच भरतात, मुकादम उचल वाटत फिरतो तो त्यानंतर. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आठवड्यातच काढायला टाका. प्रवेश पक्का होऊ द्या, मग उचल ठरवा, आणि ठरवताना पोराचा अर्धा कोयता त्यात धरू नका.