आईसाठी यूपीआय: सर्कल, लाइट की बटणांचा फोन?

कोपऱ्यावरचा भाजीवाला हल्ली सुटे मागितले की गाडीला टांगलेल्या क्यूआरकडे बोट दाखवतो. तेव्हा आईला यूपीआय शिकवणं आलंच. आमच्या घरी तीन प्रकार करून झाले, त्यावरून सांगतो.

आधी यूपीआय सर्कल. २०२४ साली आलेली सोय. खातं तुमचं, स्कॅन आई करणार. पूर्ण मुभा दिलीत तर एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत ती तुम्हाला न विचारता देऊ शकते. अर्धी मुभा दिलीत तर दर वेळी विनंती तुमच्या फोनवर येते, तुम्ही पिन टाकलात की पैसे जातात. मी अर्थातच अर्धी दिली. मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर, आणि आई मेथीची जुडी हातात धरून उभी. शेवटी तिने बटव्यातून नोट काढली. संध्याकाळी म्हणाली, "वीस रुपयांच्या मेथीला तुझी परवानगी होय रे?" स्वतःची पेन्शन असलेल्या बाईला हे लागणारच. घरखर्चाचे पैसे तुम्हीच देत असाल तर सर्कल चांगलं, पण मग पूर्ण मुभा द्या आणि मर्यादा कमी ठेवा.

यूपीआय लाइटवर मात्र आई रुळली. पैसे तिच्याच खात्यातले. ५,००० पर्यंत रक्कम आधी भरून ठेवायची, मग एका वेळी १,००० पर्यंत पिन न टाकता देता येतात. मला यातली खरी सोय वेगळीच वाटते. रोजच्या खरेदीला पिन लागतच नाही, त्यामुळे तिला एवढंच सांगून ठेवलंय: फोनने पिन मागितला की हात थांबव. एक तर भरलेले पैसे संपलेत, नाहीतर काहीतरी गडबड आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हेही दहादा घोकून घेतलं. तरी फसगत झालीच तर लगेच १९३०, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. फोन हरवला तर आतली शिल्लक गेली असंच धरायचं, म्हणून आम्ही हजारच भरतो.

बाबांना लाइट पटलं नाही. ते पासबुक छापून आणून एकेका नोंदीपुढे पेन्सिलीने खूण करतात, आणि तिथे फक्त भरलेले हजार दिसतात, मेथी दिसत नाही. त्यांना साधं यूपीआयच दिलं, पण कमी शिल्लक असलेल्या वेगळ्या खात्यावर.

शिकवताना खरी अडचण निघाली बोटाची. आई दारावरची बेल दाबावी तसं दाबून धरायची, मग ॲपचं चित्र जागचं हलायचं आणि "अरे, गेलं ते!" शेवटी म्हटलं, कुंकवाचं बोट टेकवतेस ना, तेवढंच. त्यानंतर जमलं.

गावाकडच्या काकांकडे बटणांचा फोन. त्यांना २०२२ पासून असलेलं यूपीआय १२३पे लावून दिलं. इंटरनेट नको, कॉल करून बटणं दाबायची, मर्यादा १०,००० रुपये. घरी खाटेवर बसून कुणाला पैसे पाठवायला उत्तम. दुकानात उभ्या उभ्या मात्र लांबण लागते.

लाइटमध्ये पैसे भरायला पिन लागतो, ते काम अजून माझ्याकडे आहे. आईने तो पिन भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबरशेजारी लिहून ठेवला होता. नवा केलाय, सध्या तरी तिला सांगितलेला नाही.