गुपचूप बरं करतो म्हणाला, ६१,५०० घेऊन गेला

मी काही अडाणी नाही. १४ वर्षं अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो. तरी फसलो.

एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर सरकारी एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नाव घातलं होतं. रोज एक गोळी, फुकट. पण तिथल्या रांगेची धास्ती. भांडुपच्या चाळीत राहतो, कुणी पाहिलं तर? ही धास्ती गेटबाहेरच्या टपरीवर एकाने बरोबर हेरली. "भाऊ, कोर्स करा, रिपोर्ट निगेटिव्ह. कुणाला कळणार नाही." पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. नोंदणी १,५००, 'शुद्धीकरण' १८,०००, ९० दिवसांचा कोर्स ३३,०००. सगळे यूपीआयने, दर वेळी नवा नंबर. बिल मी मागितलंच नाही, बिलावर नाव येईल म्हणून. त्याला तेच हवं होतं.

दुसऱ्या महिन्यातल्या बाटलीचं लेबल कडेने सुटलं होतं. नखाने ओढलं तर खाली दुसरं लेबल, मधुमेहाच्या चूर्णाचं. वाचलं. आणि अंगठ्याने दाबून परत चिकटवलं! तोवर ५२,५०० गेले होते, औषध खोटं निघणं मला परवडणारं नव्हतं. वर 'दोन्ही औषधं एकमेकांना मारतात' म्हणून त्याने सरकारी गोळी बंद करायला लावली होती. ७४ दिवस बंद होती. गोळी सोडायला सांगेल त्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नका.

शेवटी निगेटिव्ह रिपोर्टचे ९,००० घेतले. सेंटरमधल्या समुपदेशक ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गोळ्यांनी विषाणू दबतो, पण अँटिबॉडीची चाचणी पॉझिटिव्हच येत राहते. म्हणजे त्याचा तो कागदच खोटेपणाचा पुरावा होता, आणि मी तो देवघरात ठेवला. त्यानंतर फोन बंद, दादरच्या खोलीला कुलूप.

पोलीस ठाण्यात हवालदाराने अर्ज मोठ्याने वाचला, बाकावरच्या तिघांनी माना वळवल्या. संमतीशिवाय कुणाचं एचआयव्ही स्टेटस उघड करायचं नाही, असा २०१७ चा कायदा आहे. तो सांगितला तर म्हणे, "आम्हाला कायदा शिकवता? पैसे तुम्हीच पाठवले ना, मग सायबरला जा." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पैसे गेल्या गेल्या करायला हवी होती, मी तीन आठवडे तोंड लपवून बसलो. सायबरवाले म्हणाले, माणूस समोरासमोर भेटलाय, हद्दीच्या ठाण्यात जा. हद्द दादरची की भांडुपची, यावर दोन शनिवार गेले. एड्स बरा करतो असा दावा औषधावर करायला बंदी आहे ना, म्हणून बाटली घेऊन औषध खात्यात गेलो. तिथे विचारलं, "बिल?"

कुणाशी बोलायचंच असेल तर १०९७ ही एचआयव्ही-एड्सची हेल्पलाइन लावा. मोफत आहे, टपरीवर बोलू नका.

सेंटरला परत गेलो तेव्हा ताई ओरडल्या नाहीत. शेवटची गोळी कधी घेतली, एवढंच विचारलं. मी तारीख सांगितली, त्यांनी ती पेनाने लिहून घेतली. व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते बघायला, रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. ठाण्यातून पोचपावतीसुद्धा मिळालेली नाही.