ब्लॉगर: अहिराणीत लिहिणाऱ्यांसाठी फुकट आणि पुरेसं

अहिराणी शब्द, कानबाई देवीची गाणी, रावेर-यावलच्या केळीबागांच्या नोंदी स्वतःच्या जागी जपायच्या असतील, तर गूगलची ब्लॉग लिहायची सेवा, ब्लॉगर, पुरते. गूगल खातं हवं. पैसे लागत नाहीत. खरी अडचण नोंदीच्या वेब-पत्त्याची. शीर्षक फक्त देवनागरीत दिलं, की दुव्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' उमटतं. म्हणून प्रकाशित करण्याआधीच उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (नोंदीच्या कायमच्या दुव्यात) रोमन अक्षरांत नाव टाका; नंतर बदललं तर आधी पाठवलेले दुवे तुटतात. प्रत्येक नोंदीला लेबल (विषयाची खूण) लावाच, नाहीतर 50 नोंदींनंतर 'आंडोर' (मुलगा) हा शब्द कुठे लिहिला होता ते शोधत बसाल. साचे जुनाट वाटतात, पण मोबाईलवर नीट वाचता येतात. सेटिंगमधून दर महिन्याला बॅकअप उतरवून घ्या. खातं बंद पडलं तरी आजीचे शब्द हाताशी राहतात.